नखाची खूण

आंबा घाट चढून वर आलो तेव्हा सूर्य मावळायला अर्धा तास बाकी होता. रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो होतो. मागच्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर कोकम आगळाच्या बाटल्यांची पिशवी. वळण संपलं, तिसऱ्यातून चौथ्या गिअरमध्ये टाकायला गेलो आणि इंजिन बंद पडलं. धूर नाही, वास नाही, खडखडाट नाही. घरातलं माणूस बोलता बोलता गप्प व्हावं तशी गाडी गप्प झाली. उरलेल्या वेगावर मी ती कडेला घेतली.

चावी फिरवली. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरला. मला ते चांगलं लक्षण वाटलं, म्हणून आणखी चार वेळा फिरवून पाहिली. तो हलका आवाज हेच खरं निदान होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. सिलिंडरमध्ये दाबच तयार होत नव्हता, म्हणून स्टार्टरला ओढायला वजन उरलं नव्हतं. शिवाय माझ्या प्रत्येक प्रयत्नागणिक पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर पुन्हा आदळत असण्याची शक्यता होती.

एका टेम्पोवाल्याने मलकापूरपर्यंत टोचन करून आणलं. दुसऱ्या दिवशी गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पोचली. तिथल्या मिस्त्रींनी बॉनेटही उघडलं नाही. मी चावीकडे हात नेताच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब. आता चावी लावू नका. टायमिंग बेल्ट गेलाय."

झाकण उघडल्यावर पट्टा तुटलेला दिसला नाही. तो जागेवरच होता. फक्त खालच्या, क्रँकच्या छोट्या चाकाभोवतीचे त्याचे दहा-बारा दात सोलून निघाले होते. चाक फिरत होतं आणि पट्टा त्यावरून नुसता घसरत होता. हेड उतरवलं तेव्हा आठपैकी सहा व्हॉल्व्ह वाकलेले निघाले.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. तीनच महिन्यांपूर्वी, लांबच्या प्रवासाआधी, मी दुसऱ्या एका गॅरेजात हा पट्टा मुद्दाम तपासून घेतला होता. वरचं झाकण काढून, टॉर्च मारून त्यांनी सांगितलं होतं, "बेल्ट चांगला आहे." मी मिस्त्रींना तसं म्हणालो. ते हातातला पाना पुसत होते. म्हणाले, "तपासून पट्टा नापास करता येतोय साहेब. पास करता येत न्हाई."

या एका वाक्यापायी मी पुढे अनेक सकाळी त्या गॅरेजात बसलो. हा लेख त्या सकाळींतून आला आहे.

एका उखळात दोन मुसळं

पूर्वी घरात एका उखळात दोघी मिळून कांडायच्या. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली. दोघींचा ठेका जमला की काम निम्म्या वेळात व्हायचं. ठेका चुकला की मुसळावर मुसळ आदळायचं. मोटारीच्या इंजिनात हेच चालतं. सिलिंडर हे उखळ, खालून वर येणारा पिस्टन हे एक मुसळ, वरून खाली उतरणारे व्हॉल्व्ह हे दुसरं. हल्लीच्या बहुतेक इंजिनांत दोघं एकच जागा आळीपाळीने वापरतात. डिझेलमध्ये तर दाब फार जास्त लागतो, ज्वलनाची पोकळी अगदी लहान असते, त्यामुळे तिथे ही जागा दोघांत वाटून घेण्यावाचून इलाज नसतो.

ठेका सांभाळण्याचं काम टायमिंग बेल्टचं. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला जोडलेल्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक. म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकापेक्षा बरोबर दुप्पट दात असतात. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. समजा क्रँकच्या चाकाला 20 दात आहेत. मग पट्टा एक दात जरी सरकला तरी क्रँकच्या हिशेबाने 18 अंशांची चूक होते. एका दाताने गाडी ओढायची थांबते, हलायला लागते, सुरू व्हायला कुरकुर करते. दोन-तीन दात सरकले की मुसळावर मुसळ.

आणखी एक हिशेब मी गॅरेजातल्या बाकावर बसून मांडला. ताशी 60 किलोमीटरला इंजिन 2,500 फेरे घेतं असं धरलं तर प्रत्येक किलोमीटरला 2,500 फेरे झाले. 60,000 किलोमीटरांत 15 कोटी. क्रँकचं छोटं चाक तितके फेरे घेतं, आणि त्याच्याभोवती त्या रबराच्या दातांना पुन्हा पुन्हा वाकावं लागतं, चाकाच्या खाचेत बसावं लागतं आणि बाहेर यावं लागतं. माझ्या पट्ट्याचे दात तिथेच का सोलले, याचं उत्तरही यात आहे. चाक जितकं लहान तितकं वाकणं जास्त, आणि ताण ओढून घेणारं चाकही तेच.

शिवणयंत्रातून आलेला

पट्टे आपल्याला नवे नाहीत. पिठाच्या गिरणीचा रुंद पट्टा घसरायला लागला की गिरणीवाला त्यावर राळ टाकायचा. पायाच्या शिलाई मशीनची चामडी वादी सैल झाली की आई तिचा तुकडा कापून पुन्हा पिनेने जोडायची. हे पट्टे घसरले तर काम मंदावतं, बाकी काही बिघडत नाही. कारण ते फक्त जोर पोचवतात. वेळ सांभाळणं त्यांच्याकडे नसतं.

वेळही सांभाळणारा, दात असलेला पट्टा आला तो शिवणयंत्रासाठीच. 1940 च्या दशकात अमेरिकेत सिंगरच्या मशीनमध्ये वरची सुई आणि खालचा बॉबिनचा आकडा यांची गाठ नेमकी पडावी म्हणून तो घडवला गेला. सुई खाली गेल्यावर दोऱ्याचा फास आकड्याने नेमक्या क्षणी उचलला नाही तर टाका पडत नाही. व्हॉल्व्ह आणि पिस्टनचं नातं याच जातीचं आहे. फरक इतकाच, की तिथे चुकलं तर टाका सुटतो, इथे हेड उतरतं.

मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीत हा पट्टा पहिल्यांदा आणला जर्मनीत बव्हेरियातल्या ग्लास या कंपनीने, 1962 च्या सुमारास, आपल्या 1004 या छोट्या गाडीत. मूळची ही कंपनी शेतीची, पेरणीची यंत्रं बनवणारी. शेतीच्या ऑइल इंजिनांवर मोठ्या झालेल्या उद्यमनगरात ही गोष्ट सांगितली तेव्हा मिस्त्रींना फार आवडली. 1966 मध्ये इटलीत फियाटने ऑरेलिओ लाम्प्रेदी यांच्या दोन कॅमच्या इंजिनाला पट्टा दिला, आणि त्याच सुमारास अमेरिकेत पॉन्टिॲकने काचतंतूंनी बळकट केलेला पट्टा वापरला. साखळीपेक्षा तो हलका, स्वस्त आणि शांत. त्याला तेल लागत नाही. उलट तेल हाच त्याचा शत्रू.

आपल्याकडे तेव्हा कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 बनत होती, जिची पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी बनून ती 2023 पर्यंत धावली. तिच्या इंजिनात कॅम खाली, ब्लॉकमध्ये, आणि तो फिरवायला साखळी. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि तिच्याबरोबर हा पट्टा गावोगावच्या गॅरेजांत पोचला. 1998 च्या टाटा इंडिकाचं डिझेल इंजिन पट्ट्यावरच चालायचं. साखळीवर वाढलेल्या मिस्त्रींच्या पिढीला एक सवय मोडावी लागली. साखळी सैल झाली की खडखडते, महिनोन्‌महिने तक्रार करते. पट्टा तक्रार करत नाही.

थंड इंजिन, उघडं झाकण

मिस्त्री पट्ट्याचं काम सकाळी पहिलं धरतात. गाडी रात्रभर उभी, इंजिन पूर्ण थंड. यामागे कारण आहे. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापलं की फुगतं, आणि कॅमचं चाक क्रँकपासून किंचित दूर जातं. पट्ट्याच्या आतले काचतंतू जवळजवळ ताणले जात नाहीत. त्यामुळे गरम इंजिनावर सैल पट्टाही घट्ट वाटतो.

पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. गिअर न्यूट्रल. इंजिन आडवं असलेल्या बऱ्याच गाड्यांत पट्ट्याची बाजू उजव्या पुढच्या चाकाकडे असते, म्हणून ते चाक उतरतं. बॉनेट उघडल्यावर सहज दिसणारा तो फॅन बेल्ट, अल्टरनेटर फिरवणारा. तो सैल झाला की किंचाळतो, आणि पुष्कळ गाडीमालक त्यालाच टायमिंग बेल्ट समजून निर्धास्त राहतात. टायमिंग बेल्ट झाकणाच्या आत असतो, मुद्दाम कोणी उघडल्याशिवाय दिसत नाही.

झाकण निघालं की मिस्त्री आधी पट्ट्याला हात लावत नाहीत. झाकणाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवतात. काळी रबराची भुकटी जमली असेल तर पट्टा झिजतोय. एका कडेला जास्त जमली असेल तर एखादं चाक तिरकं आहे किंवा पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग खेळतंय. तेलाचा ओशटपणा असेल तर कॅमचं किंवा क्रँकचं ऑइल सील गळतंय. कूलंट सुकल्याचा डाग असेल तर वॉटर पंप. तेल लागलेला पट्टा पुसून पुन्हा चालवायचा नाही, त्याचा निकाल तिथेच लागतो. आणि गळती न थांबवता नवा घातला तर त्याचीही तीच गत होते.

मग पट्टा स्वतः. स्पार्क प्लग काढलेले असतात, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने सावकाश फिरवायचं. उलटं कधीच नाही, आणि कॅमच्या चाकाला धरूनही नाही. दोन्हींनी पट्ट्याच्या सैल बाजूला नको तो ताण येतो आणि दात उडी मारू शकतो. चार-चार बोटं पट्टा पुढे येतो, मिस्त्री टॉर्च तिरकी धरतात आणि वाचत जातात. दाताच्या मुळाशी केसासारखी चीर. दातावरचं नायलॉनचं कापड झिजून आतलं रबर उघडं पडलेलं. कडेने सुटलेले दोरे. पाठीवर आडव्या भेगा. मग ते पट्टा किंचित उलटा वाकवतात, कारण सरळ असताना चीर मिटलेली असते. पण वाकवणं अगदी थोडं. जास्त मुरगळलं तर आतले काचतंतू तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. नवा पट्टासुद्धा एकदा दुमडला गेला तर ते बसवत नाहीत.

शेवटी ते अंगठ्याचं नख पट्ट्याच्या पाठीत रोवतात. जिवंत रबरात नखाची बारीक खूण उठते. जुनं झालेलं रबर गुळगुळीत, चकचकीत आणि इतकं कडक झालेलं असतं की खूण उठतच नाही. एका सकाळी त्यांनी माझा हात धरून आधी एका जुन्या पट्ट्यावर आणि मग नव्या पट्ट्यावर माझं नख टेकवलं. तो फरक मला आजही बोटाच्या टोकात आठवतो. चकाकी मला आजवर चांगुलपणाची खूण वाटायची. इथे ती म्हातारपणाची होती.

पट्ट्याचा सूर

ताण तपासण्याच्या तीन पद्धती मी त्या गॅरेजात पाहिल्या, आणि त्या एकामागून एक पिढ्यांसारख्या आल्या आहेत.

सगळ्यात जुनी पद्धत हाताची. दोन चाकांमधला सर्वांत लांब मोकळा भाग निवडायचा, तो मधोमध अंगठा आणि तर्जनीत धरायचा आणि पिळायचा. मध्यम जोराने पट्टा साधारण काटकोनात, 90 अंश, पिळला गेला तर ताण ठीक. त्याहून सहज पलटला तर सैल, तिथवर पोचलाच नाही तर जास्त. मिस्त्रींच्या बोटांना हा मध्यम जोर पाठ आहे. तिथल्या पोराच्या बोटांना अजून नाही. त्याने "बरोबर आहे" म्हटलेला पट्टा मिस्त्री पुन्हा पिळून बघतात. ही पद्धत जुन्या, स्प्रिंगच्या किंवा हाताने लावायच्या टेन्शनरच्या गाड्यांपुरती, हेही ते आवर्जून सांगतात.

दुसरी पद्धत ऐकण्याची. पट्ट्याचा मोकळा भाग बोटाने छेडायचा आणि त्याच्या कंपनांची संख्या मीटरवर वाचायची. कोल्हापूरपासून तासाभरावर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे जुळवले जातात तेव्हा कारागीर हेच करतो. तारेचा ताण चौपट केला की आंदोलनं दुप्पट होतात, म्हणजे स्वर एक सप्तक वर जातो. तार लांब असेल तर तोच ताण खालचा स्वर देतो. पट्ट्यालाही हेच नियम लागू. कुठल्या दोन चाकांमधला भाग छेडायचा आणि किती हर्ट्‌झ यायला हवेत, ते त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेलं असतं. पुस्तकातला आकडा नसेल तर मीटर निरुपयोगी. षड्ज ठरलेला नसताना तंबोरा जुळवणार कशाशी?

तिसरी पद्धत आजच्या बऱ्याच गाड्यांची. टेन्शनर स्वतःच ताण सांभाळतो, आणि त्यावर एक छोटा काटा असतो. काटा खाचेसमोर आला की ताण बरोबर. सोपं वाटतं, पण ते बसवण्याच्या क्रमावर अवलंबून आहे. पट्टा घालायचा, काटा खाचेशी आणायचा, बोल्ट पुस्तकातल्या जोराने आवळायचा, मग क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि काटा व चाकांवरच्या टायमिंगच्या खुणा पुन्हा बघायच्या. दोन फेरे यासाठी की तेव्हाच कॅमचा एक फेरा पूर्ण होतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. मध्येच पाना अडला तर जोर लावायचा नाही. अडलंय म्हणजे मुसळाला मुसळ लागलंय.

सैल पट्टा झाकणाच्या आत फटके मारतो. चढावर गिअरमध्ये उभी केलेली गाडी मागे सरकून इंजिन उलटं फिरलं तर अशा पट्ट्याचा दात सुटू शकतो. फार आवळलेला पट्टा वेगाबरोबर चढत जाणारा गुणगुणता आवाज काढतो आणि टेन्शनरचं, वॉटर पंपाचं बेअरिंग खातो. मिस्त्रींच्या मते नवशिक्या हातांची चूक बहुधा आवळण्याकडे झुकते, कारण घट्ट म्हणजे पक्कं असं आपल्याला वाटतं.

जे बोटांना कळत नाही

एवढं सगळं करून पट्टा निर्दोष दिसला, तर? माझ्या पट्ट्याचं नेमकं हेच झालं होतं. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी वरचं झाकण काढलं, वरचा वीतभर भाग पाहिला. खालचं झाकण काढायला क्रँकची पुली उतरवावी लागते, ते केलं नाही. इंजिन फिरवून सगळे दात समोर आणले नाहीत. पण मिस्त्री त्या गॅरेजला दोष द्यायला तयार नव्हते. ते म्हणाले, सगळा पट्टा बघितला असता तरी कदाचित काही दिसलं नसतं. काचतंतू आतून थकतात. रबर आणि तंतू यांची पकड आतून सुटते. सुरुवातीचे पट्टे निओप्रीनचे होते, ते भेगाळून वय सांगायचे. आता उष्णता जास्त सोसणारं नायट्राइल जातीचं रबर वापरतात. ते जास्त टिकतं, आणि शेवटपर्यंत तरुण दिसतं. पट्टा जितका सुधारला तितका डोळ्यांचा उपयोग कमी झाला.

म्हणून दुसरा न्यायाधीश लागतो. गाडीच्या पुस्तकात दोन आकडे असतात, किलोमीटर आणि वर्षं, आणि पुढे लिहिलेलं असतं: यांतलं जे आधी होईल ते. माझी गाडी 58,000 किलोमीटर चालली होती. पुस्तकात 60,000 होते. मी समाधानी होतो. पण त्याच ओळीत पाच वर्षंही होती, आणि गाडी नऊ वर्षांची. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

किलोमीटरचा आकडाही सरळ नाही. चाकं थांबली तरी पट्टा थांबत नाही. गाडी तासभर जागेवर चालू राहिली, मिनिटाला 800 फेऱ्यांनी, तर 48,000 फेरे होतात. वरच्या हिशेबाने हे 19 किलोमीटरच्या प्रवासाइतकं आहे, आणि मीटरवर एक किलोमीटरही उमटत नाही. पुण्यामुंबईच्या कोंडीत रोज एक तास घालवणाऱ्या गाडीचं खरं वय तिच्या मीटरपेक्षा बरंच जास्त असतं.

काही नव्या इंजिनांत हा पट्टा तेलातच फिरतो. 2013 मध्ये आपल्याकडे आलेल्या इकोस्पोर्टचं 1.0 लिटरचं इकोबूस्ट इंजिन असं होतं. तिथे पट्ट्याची तब्येत तेलाशी बांधलेली. ठरवून दिलेल्या दर्जाचं तेल नसेल किंवा ते वेळेवर बदललं नाही, तर रबर मऊ पडतं आणि त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात. मारुतीची के मालिका, ह्युंदाईचं कॅप्पा ही पेट्रोल इंजिनं साखळीकडे गेली आहेत, तर डस्टरचं 1.5 डिझेल, हॅरियरचं 2.0 डिझेल, तायगुनचं 1.0 पेट्रोल पट्ट्याचीच. आपल्या गाडीत काय आहे, हे मालकाला माहीत असावं. माझ्या ओळखीच्या दहांपैकी आठांना ते सांगता आलं नाही, आणि घाटात अडकण्याआधी मलाही सांगता आलं नसतं.

मिस्त्री पट्टा एकटा बदलत नाहीत. टेन्शनर, पट्ट्याला वळवणारं आयडलर चाक, पट्ट्यावर चालणारा असेल तर वॉटर पंप, गळकी सीलं, सगळं त्याच वेळी. गिऱ्हाईक कुरकुरतं. पण जुन्या बेअरिंगवर नवा पट्टा म्हणजे जुन्या दोरीला नवी बादली. आणि एकदा चाललेला पट्टा उतरवला तर तोच परत चढवत नाहीत.

माझी गाडी जुनी घेतलेली. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "बेल्ट बदललाय." मी विश्वास ठेवला. तो खोटं बोलला असेल असं मला आजही वाटत नाही, कदाचित त्यालाही कोणीतरी तसंच सांगितलं असेल. कागद नव्हता, तारीख नव्हती, मीटरचा आकडा नव्हता. मधल्या कुठल्यातरी हाताने लिहून ठेवलं असतं तर नख टेकवायचीसुद्धा गरज पडली नसती.

बाराव्या दिवशी गाडी तयार झाली. मिस्त्रींनी क्रँक दोन फेरे फिरवला, खुणा मला दाखवल्या, काटा दाखवला, मग दोन्ही झाकणं लावली. खालच्या झाकणाचा एक बोल्ट सापडत नव्हता तर पोराला नवा आणायला पाठवलं, कारण झाकणाच्या फटीतून गेलेला एक खडा पुरतो. मग खिशातून पांढरा पेंट मार्कर काढला आणि माझ्या हातात दिला.

"तुमीच लिवा. तुमची गाडी हाय."

मी झाकणावर तारीख लिहिली. खाली मीटरचा आकडा. त्याखाली पुढची तारीख, पाच वर्षांनंतरची. हात थोडा हलला, पाचाचा आकडा वाकडा आला. मिस्त्रींनी वाकून वाचलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि बॉनेट लावलं.